पिकअपचे खांदे

आमच्या जुन्या पिकअपच्या नाकावर धातूचा एक पक्षी होता. मान पुढे, पंख मागे. शेंदूरजनाघाटहून संत्री आणणारी ती हिरवी गाडी बाबांनी जुनीच घेतली होती. पक्षी तिच्याबरोबर आला.

आई दर्यापूरकडची, बैलांच्या घरातली. अमरावतीत आमच्याकडे बैल नव्हते, म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी ती गाडीचेच खांदे शेकायची. लोणी, हळद, कोमट केलेलं पळसाचं पान. गाडीचा खांदा म्हणजे पक्षी बसला होता ती जागा. पान दाबत ती हळू म्हणायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग वरून गोडं तेल, पंखाखाली मुरेपर्यंत.

"लोकं हासून राह्यले," बाबा म्हणायचे. "लोखंड हाये ते."

"बैलावानी राबते ना? मंग?"

मी मात्र फाटकाशी उभी राहून रस्त्यानं माझ्या इंग्रजी शाळेतलं कुणी येत नाही ना, ते बघायची.

एका वर्षी संत्र्यांच्या हंगामाआधी बाबांनी गाडी रंगवायला काढली. पट्ट्या, अक्षरं, पक्षी, सगळं उतरवून नंतर पुन्हा बसवायचं होतं. आईनं एकच सांगितलं, "पाखरू तुटलं तं गाडी घरी आनू नका." बाबा हसले नाहीत. आई असं बोलली की ते खरंच धरायचं असे. मला तिनं सोबत धाडलं. "तू पाखराले पाह्य."

गॅरेजात रंगकामाच्या मिस्त्रींनी पेचकसाला चिंधी गुंडाळून बाजूच्या पट्ट्या उचकटायला घेतल्या. पट्ट्या धरून ठेवणाऱ्या आतल्या चिपा गंजल्या होत्या, पहिली पट्टी वाकूनच आली. मागच्या फळीवरच्या अक्षरांचे पाय मोडले.

"पुराना माल हाये, साहेब. आता इसका भी भरोसा नाही," पक्ष्याकडे बघत ते म्हणाले.

"थांबा जरा," बाबा म्हणाले. रुमाल काढून त्यांनी उगाच चष्मा पुसला. मग म्हणाले, "काढा."

"बेटी, वरून धर. पडला नाही पायजे," मिस्त्री मला म्हणाले.

मी दोन्ही तळवे पंखांभोवती धरले. मिस्त्री बॉनेटखाली वाकले. पान्याचा आवाज आला आणि थांबला.

"अरे, ये नट तो बोटानं फिरून राह्यलं. तेल कोनं टाकलं इथं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. परक्यांसमोर मी सहसा बोलत नसे.

"आईनं," मी म्हणाले. "दर पोळ्याला."

पक्षी अलगद माझ्या हातात आला. खाली हळदीचा जाड थर, आणि तो पुसल्यावर गाडीचा मूळचा गडद हिरवा रंग, पक्ष्याच्याच आकाराचा.

"साहेब, बाईले सांगा," मिस्त्री म्हणाले, "पट्ट्यांचे भी खांदे शेकत जा."

रिक्षात पक्षी टॉवेलात गुंडाळून माझ्या मांडीवर होता. आईनं घरी त्याचे पंख, चोच, खालचे बोल्ट, सगळं चाचपून पाहिलं आणि मग चहा ठेवला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी अजून मिस्त्रींकडेच होती. आईनं पक्ष्याला पाटावर ठेवलं आणि पान गरम केलं. बाबा दारात उभे होते. जरा वेळानं येऊन मांडी घालून बसले.

"तेल कमी नको टाकू," ते म्हणाले. "पुन्हा कधी काढा लागन."

आईनं तेलाची वाटी त्यांच्याच हातात दिली.