टेंडरातलं पाणी

समोर टाकी असो, गॅसचा सिलिंडर असो की पिठाचा डबा, आमचे शेजारचे काका त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत, कान देत आणि विचारत, "पाणी बघितलं का?" मी गाडी काढून पुण्याला निघालो तरी हाच प्रश्न. माझ्या मुलीच्या साखरपुड्यातही हाच. पिठाच्या डब्यात कसलं पाणी, असं विचारायची सोय नव्हती. वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाला जगातली सगळी संकटं पाणी संपल्यानंच येतात असं वाटणार. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. चिडावं म्हटलं तरी चिडता येत नाही.

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावरून मी हे सगळं पाहिलं. पुण्यात असलेल्या त्यांच्या मुलानं काकांना वाफेच्या इंजिनाचा, घरी जोडायचा पितळी संच पाठवला. काकांनी व्हरांड्यात सुटे भाग मांडून दोन ढीग केले. इंजिनाचा ढीग परत खोक्यात घातला, वर सुतळी बांधली. पुढ्यात ठेवलं फक्त टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा.

"काका, इंजिन कधी करणार?"

"त्ये ड्रायव्हरचं, मास्तर. टेंडर आपलं."

त्यांचा ड्रायव्हर फलटणचा. दोघांनी एकाच इंजिनावर ऊन-धूर खाल्ला होता. पण बायको गेल्यापासून तो गडी भिंतीकडं तोंड करून पडून होता. फोन केला की त्याचा मुलगा सांगे, "आबा कुनाशीच बोलत न्हाईत." काकांनी खोकं एसटीनं फलटणला धाडलं. तिकडून काहीच कळलं नाही. त्या दिवसांत ते टेंडरच्या कडा कानशीनं इतक्या घासत, की आता पत्रा उरतो की नाही याची मला काळजी वाटे.

टेंडर उभं राहिलं, काळा रंग बसला आणि काकांनी त्यात तांब्यानं पाणी ओतलं. चारी बाजूंनी गळालं.

"आवं, शोभंची वस्तू हाय ती!" काकू ओरडल्या.

"कोरडं टेंडर घिऊन ड्रायव्हरम्होरं कसं जायाचं?"

मग नळाला लावतात ती पुट्टी आतून लिंपली. पाणी भरून व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी कागद कोरडा ठणठणीत होता. मी स्वतः हात लावून पाहिला.

काकांना मीच गाडीतून फलटणला नेलं. टेंडर त्यांच्या मांडीवर, पुरणपोळीच्या डब्यात. ड्रायव्हर तसेच पडलेले. काकांनी धाडलेलं खोकं खाटेखाली, सुतळीही न सोडलेली. ते पाहून मला फार वाईट वाटलं. काका मात्र आधी टेंडर घेऊन मोरीत जाऊन आले. मग स्टुलावर ते ठेवलं, काठोकाठ भरलं आणि पेरानं टकटक केली.

खाटेवरचा माणूस वळला. आधी टेंडरकडं बघितलं, मग स्टुलाखालच्या फरशीकडं.

"गळतंय."

"काय गळतंय?" काका म्हणाले.

"डाव्या अंगाला थेंब धरलाय. दिसत न्हाई व्हय रं तुला? असल्या टेंडरवर गाडी कुठवर जाईल? बाजूला हो!" आणि ते उठून बसले. दारात उभा त्यांचा मुलगा तोंडावर हात धरून रडायला लागला. माझंही काही वेगळं नव्हतं.

काका तिथंच राहिले. मी एकटाच सांगलीला परतलो. घाटात मनात येत राहिलं, व्हरांड्यात टिपूसही न गळलेलं टेंडर फलटणलाच कसं गळलं?

परवा काकू भिंतीपाशी आल्या. "मास्तर, माजं दाभण बघितलं का वो? गोधडी शिवायची ऱ्हायलीय. ह्ये फलटणला गेल्यापास्नं सापडंना."

मला एकदम ते मोरीत जाऊन आलेले काका आठवले. मी इतका हसलो, की काकू घाबरल्या.

तेवढ्यात काकांचा फोन आला. इंजिनाची चाकं बसली होती. मागं ड्रायव्हर कुणावर तरी खेकसत होते, बहुधा काकांवरच. "दिवाळीपतुर काय येनं हुत न्हाई, मास्तर," काका खुशीत म्हणाले. मी दाभणाचं विचारलं. पलीकडून आधी पत्र्यावर टकटक ऐकू आली.

"काकूस्नी म्हनावं, नवं घ्या. त्ये ड्यूटीवर हाय."