दिवाळीच्या खेळाची जागा

लातूर सोडलं त्या दिवशी आम्ही सगळे लग्नाला निघाल्यासारखे नटलो होतो. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, तशी सक्त ताकीदच होती. अठ्ठेचाळीस सालची होळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते, रझाकारांचा जोर वाढला होता, आणि बाडबिस्तरा घेऊन निघालेली कुटुंबं स्टेशनवर अडवली जात होती. तेव्हा सामान एकाच ट्रंकेत मावेल एवढंच, आणि कुणी विचारलं तर सोलापूरला मामाच्या मुलीचं लग्न आहे असं सांगायचं. आईनं पैठणी काढली. मला तिची जरीची साडी नेसवली, ती माझ्या पायात येत होती. गल्लीत टांगा येऊन थांबला तेव्हा मी सोळा वर्षांची होते आणि खोटं बोलायला अगदी कच्ची होते.

हमीदा परसाच्या दारानं आत आली. आमची आणि तिची भिंत एक होती. तिचे अब्बा तहसील कचेरीत चपराशी, आणि तिची अम्मा, आमची खाला म्हणजे मावशी, गंज बाजाराजवळच्या थेटरात जनान्याच्या दाराशी बसायची. हमीदानं माझ्या साडीकडं पाहिलं आणि लग्न कुणाचं म्हणून विचारलं. मी पढवलेलं उत्तर दिलं.

"तिचं तर मागल्या सालीच झालं की," ती म्हणाली. "लाडू आणले होतेस तू."

 मग तिनंच माझ्या निऱ्या सारख्या केल्या, पदर खोचून दिला आणि म्हणाली, "दिवाळीला ये बरं. मी जागा धरून ठेवते." मी येते म्हटलं. टांग्यात बसल्यावर आई रडत होती, आणि लग्नाला जाणारी माणसं रडत नसतात म्हणून अण्णा तिला दबक्या आवाजात रागवत होते.

ही जागा कसली, ते सांगायला हवं. जे तिथंच राहिले त्यांना सांगायची गरज नाही, पण माझ्यासारखे जे निघून गेले त्यांच्या नातवंडांना हे काहीच ठाऊक नसणार. निजामाच्या राज्यात सिनेमाच्या थेटरात बायकांचा भाग, जनाना, वेगळा असे. मागच्या अंगाला उंचावर सतरंजी अंथरलेली, आणि पुढं जाड निळा पडदा. दिवे मालवले की पडदा दोरीनं वर ओढायचा, मध्यंतराला दिवे लागायच्या आत खाली सोडायचा, म्हणजे पुरुषांच्या नजरेला बाईमाणूस पडायला नको. ती दोरी खालाच्या हातात. तिचं तोंड मात्र दाराकडं, कुणी आगंतुक आत शिरू नये म्हणून. इतकी वर्षं थेटरात बसून त्या बाईनं एकही खेळ धड पाहिला नव्हता. घरी भाकरी थापताना हमीदा तिला सगळी गोष्ट सांगायची, आणि खाला मध्येच विचारायची की ती बाई रडत होती ती याच ठिकाणी का, कारण आवाज तर तिनं ऐकलेला असायचा.

सतरंजीवर जागा ज्याची त्यानं धरायची. आपली चादर टाकायची, नाहीतर लेकरू बसवायचं. पहिल्या रांगेत कठड्याला टेकून दोघींची जागा मिळाली तर काय सुख! हमीदा खालाबरोबर आधीच जायची, म्हणून ती जागा धरायची आणि मी शुक्रवारी दुपारी शेजारणींबरोबर मागाहून जायचे. एकमेकींशिवाय नवा खेळ पाहायचा नाही असा आमचा कायदा होता. ती एकदा तापानं पडली तर मी हट्टानं घरी बसले. आईला वाटलं, मलाही ताप आला.

पुण्या-मुंबईला दिवाळीत जी चित्रं लागायची ती आमच्याकडं पुढच्या दिवाळीला पोचायची, तीही तुटून जोडलेली, एखादं गाणं गिळलेली. त्यामुळं वाट पाहण्याचा शौक करायला आम्हाला अख्खं वर्ष मिळायचं. बायकांनी बाजारात उभं राहून जाहिराती वाचायच्या नाहीत, पण खालामुळं आम्हाला गावाच्या आधी खबर असे. येणाऱ्या खेळांची कागदं ती पदराआड घालून आणायची. कागदाच्या एका अंगाला उर्दू, दुसऱ्या अंगाला मराठी. उर्दूत लिहिलेलं असायचं की ही मोहब्बतीची दर्दभरी दास्तान आहे, आणि त्याच खेळाबद्दल मराठीत लिहिलेलं की हा प्रत्येक माताभगिनीनं पाहावा असा कर्तव्याचा धडा आहे. माझी शाळा उर्दूतच झाली, आणि अण्णा स्वतः शाळामास्तर, त्यांनी घरी मराठी शिकवलं, तेव्हा मला दोन्ही वाचता यायचं, हमीदाला उर्दूच. खरा खेळ कोणत्या अंगाचा यावर आम्ही भांडायचो. शेवटी खेळ यायचा तेव्हा दोन्ही अंगं खोटी निघायची.

त्या वर्षी तीन कागदं आली होती. एक पौराणिक, एक शिकलेल्या सुनेची रडकथा आणि एक मारामारीचा, त्यात एक बाई स्वतः मोटार हाकते. माझा जीव सुनेवर. रडण्यासारखं काही असल्याशिवाय मला खेळ पाहिल्यासारखा वाटायचा नाही. खालाला पौराणिक हवा होता, कारण देवाच्या खेळाला बायका चपला बाहेर काढून शहाण्यासारख्या बसतात आणि दोरीला लोंबकळत नाहीत. हमीदाला फक्त मोटार. ती मला म्हणायची, "तू लई रडकी हायेस. सुना काय कमी बघितल्या का? ही बाई बघ, सीधी निघून जाती. कुणी इचारत न्हाई कुठं चाललीस म्हणून." दुपारभर हाच वाद. बाहेर गल्लीत काय चाललंय, कुणाच्या घरावर दगड पडले, हे मोठी माणसं कुजबुजत असायची, आणि आम्ही आतल्या खोलीत तीन कागदं मांडून दिवाळीची वाट पाहत असायचो. आम्ही मूर्ख होतो असं आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

बार्शी लाइनच्या छोट्या गाडीनं आम्ही निघालो. मुरुडच्या स्टेशनात एका माणसानं डब्यात डोकावून अण्णांना कुठं चाललात विचारलं. अण्णांनी लग्नाचं सांगितलं, आणि आईनं ओठ घट्ट मिटून हसल्यासारखं केलं. बार्शी आली, निजामाची हद्द संपली, तेव्हा अण्णांनी टोपी काढून घाम पुसला. "दिवाळीपर्यंतचाच प्रश्न आहे," ते म्हणाले. हे वाक्य ते सोलापुरात रोज म्हणायचे. मामांच्या घरी दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं होतो, आणि आई मामींच्या हाताखाली मोलकरणीसारखी राबायची. मी 'जल्दी' म्हटलं, 'फिक्र' म्हटलं, की मामेभावंडं हसायची. निजामाची पाहुणी आली म्हणायची.

सोलापुरात थेटरं पुष्कळ. बायकांपुढं पडदा नाही, आणि चित्रं मुंबईच्या मागोमाग. मामी मला दोनदा चल म्हणाल्या. मोटार हाकणाऱ्या बाईचाच खेळ तिथं पुन्हा लागला होता. मी गेले नाही. माझ्यात काही मोठं होतं म्हणून नव्हे, पण कायदा होता. त्या परक्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

मग भाद्रपदात, अनंत चतुर्दशीच्या सुमारास, बातमी आली की हिंदुस्थानची फौज आत शिरली आणि निजाम शरण आला. सोलापुरात पेढे वाटले. मी अण्णांना पहिल्यांदा नाचताना पाहिलं. मीही नाचले, खोटं कशाला सांगू. संकट टळलं, आता घरी जायचं, आता चित्रं वर्षभर रखडायची नाहीत, असं काय काय मनात येत होतं. आमच्यासाठी ते संकट टळणं होतं. त्याच बातमीचं भिंतीपलीकडं काय होईल, याचा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही.

अण्णांच्या शाळेतले, आमच्यासारखेच सोलापुरात आलेले विठ्ठलराव मास्तर लगेच एका लॉरीतून लातूरला निघाले. घराची किल्ली त्यांच्याकडं दिली. मी अण्णांना विचारून हमीदाला उर्दूत चिठ्ठी लिहिली. सुखरूप आहोत एवढंच लिही, असं अण्णा म्हणाले होते. मी तेवढं लिहिलं, आणि खाली आणखी लिहिलं. आता कसलीच फिक्र नाही, सगळं निवळलं आहे, कुठंही जाऊ नका, घरीच राहा. मी दिवाळीला नक्की येते. जागा धर. तू जिंकलीस, मोटारीचाच खेळ आधी पाहू.

कुठंही जाऊ नका हे मी का लिहिलं? तिचे मामा हैदराबादेत होते आणि ते यांना बोलावून घेणार असं होळीच्या आधीपासून चाललं होतं. ती गेली तर माझी दिवाळी बुडणार. बस, एवढंच कारण.

आम्ही दिवाळीच्या चार दिवस आधी परतलो. आमचं घर जसंच्या तसं होतं, तुळसही कुणीतरी जगवली होती. शेजारचं दार उघडं होतं आणि आत काही नव्हतं. चुलीचे दगडसुद्धा कुणी नेले होते. विठ्ठलराव मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, चिठ्ठी पोचवली, आणि उठून आत गेले.

मला सांगितलं ते कोंडाबाईनं. ती थेटराच्या फाटकाशी भाजक्या शेंगा विकायची, खालाची जुनी सोबतीण. मी गेले तेव्हा शेंगा निवडत होती. माझ्याकडं न बघता बोलली.

"गाठोडी बांधून ठिवली होती त्यांनी. बैलगाडी सांगितली होती, हुमनाबादला जाऊन तिकडून हैदराबाद. तुझी चिठ्ठी आली सकाळी. पोरीनं वाचून दाखिवली. मग मायनं गाठोडी सोडली. म्हनली, मास्तराची पोरगी लिवती म्हंजी मास्तरालाच ठावं असंल."

मी विचारलं, पुढं काय झालं.

"तिसऱ्या दिशी मानसं आली. बापाला म्या बघितलं, दारात पडलेला. मायलेकीला न्हाई बघितलं." तिनं निवडलेल्या शेंगा टोपलीत ओतल्या. "आता तू इचारू नको, अन् म्या सांगत न्हाई."

दुसऱ्या लोकांनी निरनिराळं सांगितलं. कुणी म्हणे फौजेच्या लॉरीतून बायकांना हैदराबादला पोचवलं, त्यात त्या होत्या. कुणी एका विहिरीचं नाव घेतलं. ज्यानं नाव घेतलं तो माणूस आमच्या गल्लीतला होता, रोज देवळात जाणारा, आणि त्याच्या ओसरीवर खालाची पितळी परात होती. मी ती ओळखली, आणि गप्प बसले. माझ्या बाजूची माणसं होती ना ती.

घरी येऊन मी अण्णांना चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते सांगितलं. मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "ती चिठ्ठी मी वाचून पाहायला हवी होती." त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही, मी काढला तर ते उठून हातपाय धुवायला जायचे. दिवाळीला थेटर उघडलं. नवं राज्य आलं म्हणून जनान्याचा पडदा काढून टाकला होता. मोटारीचा खेळ आलाच नाही, दुसराच कुठला तरी होता. आई म्हणाली, जा, जरा जीव रमेल. मी गेले नाही.

हैदराबादेतल्या मामांचा पत्ता मला ठाऊक नव्हता, आडनावही नाही. चारमिनाराच्या मागं कुठंतरी, एवढंच. लग्न होऊन पुण्याला आल्यावर दोनदा हैदराबादेला जाऊन त्या गल्ल्यांतून हिंडले. यजमानांना वाटलं, बांगड्या घ्यायच्या आहेत. दारादारांत उभ्या असलेल्या बायकांना मी लातूरची हमीदा विचारत होते. एका म्हातारीनं मला विचारलं की ती तुझी कोण, आणि मी खरंच बांगड्या घेऊन परत फिरले.

पुण्यात मी चांगली रुजले, लोक म्हणतात. 'फिक्र' गेली, 'काळजी' आली. माझ्या नाती दिवाळीच्या आधी फोनवर ठरवत असतात, यंदा कुठला पिक्चर पहिल्या दिवशी, ॲडव्हान्स बुकिंग कुणी करायचं, आजी, तुला कुठला? मी म्हणते, तुम्ही ठरवाल तो. त्यांच्याबरोबर जाते, पॉपकॉर्न खाते, बऱ्याचदा झोपते. त्यांची भांडणं कानावर पडली की बरं वाटत नाही, आणि थांबवावीशीही वाटत नाहीत.

तुम्ही लातूरकर, जे तिथंच राहिलात, मला पत्रांतून विचारता की घरी कधी येणार, लातूर आता ओळखू येणार नाही इतकं बदललंय. बदललं असेल. घर विकून झाल्यावर मी गेले नाही आणि आता जाणार नाही. इथं कुणी विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या, तर मी सोलापूरची सांगते. हे खोटं मला चांगलं जमतं. लातूर म्हटलं की माणसं पुढचा प्रश्न विचारतात, तिथं आता कोण आहे तुमचं. आई-अण्णा गेले, हे मला सांगता येतं. हमीदा आहे की नाही, ते मला आजपर्यंत ठाऊक नाही.