बशी झाकून ठेवलेला चहा

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. पलीकडून सुलभामामी एवढंच म्हणाल्या, "सरू, तुझे मामा गेले गं..." मी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. रडू फार उशिरा आलं. त्याआधी मनात आली ती आदल्या संध्याकाळची दवाखान्यातली भेट, आणि तिच्याबरोबर एक राग. तो कोणावर होता ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी मी सिन्नरच्या माझ्या शाळेतून शेवटचा तास दुसऱ्या बाईंना देऊन निघाले होते. भेटीची वेळ अर्ध्या तासाची. आम्हा दोघांना बोलता यावं म्हणून मामी मुद्दाम खाली जाऊन बसल्या. मला मामांना बरंच काही सांगायचं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आलीस? बस. आधी प्रार्थना करू, मग बोलू." डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. आता संपेल, मग संपेल, म्हणून मी थांबून राहिले. शेवटी वॉर्डातली मावशी सगळ्यांना बाहेर काढायला आली, तेव्हा मामांनी डोळे उघडले. "झालं," म्हणाले, "आता लय बरं वाटतंय. उद्या बोलू."

तो उद्या आलाच नाही.

आता काही आठवडे उलटले आहेत. चर्चच्या मंडळीतले लोक घरी येतात आणि सांगतात, याकोबदादांनी आयुष्यभर देवाला पहिलं स्थान दिलं, म्हणून ते इतके समाधानी होते. मी मान हलवते. ते समाधान मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे ते खोटं म्हणायची माझी हिंमत नाही. पण देव पहिला, तर मग मी कितवी होते? आमच्या शेवटच्या अर्ध्या तासातही माझी पाळी का आली नाही?

याकोबमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. आमचं घर घोटीजवळच्या खेड्यात. वडील दुसऱ्यांच्या खाचरांत भाताच्या लावणीला जायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. दहावी झाल्यावर मामा मला नाशिकला घेऊन आले, शरणपूर रस्त्याच्या आतल्या गल्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत. त्यांना मूल नव्हतं. अभ्यासाला टेबल, थंडीत स्वेटर, पुढे बी.एड.पर्यंतचं सगळं शिक्षण, हे त्या दोन खोल्यांनी मला दिलं. म्हणून ही तक्रार नाही... किंवा असेलही.

त्या घरातली सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. मामा खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायचे. मामी चहाचा कप शेजारच्या स्टुलावर ठेवून वर बशी झाकायच्या. वाचन आणि प्रार्थना झाल्याशिवाय मामा कपाला हात लावत नसत, आणि तोवर चहा गार झालेला असायचा. मामी रोज टोमणा मारायच्या, देवाने स्वतः येऊन सांगितलंय का, गार चहा पी म्हणून? मामा म्हणायचे, "तो काय बोलत नाय. मीच लांबवतो." गरम करून देऊ का, हे मामी रोज विचारायच्या आणि मामा रोज नको म्हणायचे. माझ्या पदवीचा कागद आणला त्या दिवशीसुद्धा त्यांनी तो आधी मांडीवरच्या पवित्र शास्त्रावर ठेवला, डोळे मिटले, आणि नंतर वाचला. मी तेव्हाही समोर उभी होते, वाट बघत.

ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. रविवारी उपासना सोडून ओव्हरटाइमला ते कधी गेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं सुपरवायझर झाली आणि मामा फिटरच राहिले. एकदा मी चिडून विचारलं होतं, तुम्हाला वाईट कसं वाटत नाही? त्यांनी जरा विचार केला. "वाटतं ना," म्हणाले. "पण सोमवारपर्यंत टिकत नाय."

आमच्या मंडळीत कापणीच्या सणाला जो तो घरचं पहिलं पीक देवाला आणतो आणि उपासनेनंतर चर्चमध्येच त्याचा लिलाव होतो. शेत कुठलं, मामांचा आपला अंगणातला दुधीचा वेल. एका वर्षी त्याला पहिला दुधी धरला, चांगला हातभर. मामींना त्याची भाजी करायची होती. पहिला त्याचा, दुसरा आपला, म्हणत मामा तो घेऊन गेले. पण वेलाला पुढे काही दुसरा दिसत नव्हता. आमच्याकडे पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या बाजूला, आणि त्या दिवशी गर्दीही खूप होती. पाळकसाहेबांनी दुधी वर धरला. मामींनी मागच्या बाकावरून बोली लावली. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी चढवली. मामी हट्टाला पेटल्या, त्यांनी आणखी चढवली. असं बराच वेळ चाललं. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "याकोबभाऊ, आता थांबा. पलीकडून तुमचंच घर बोलतंय." सगळं चर्च हसलं. मामींसाठी म्हणून मामा बोली लावत होते आणि मामांनी भाजीला दिला नाही म्हणून मामी. घरी येताना मामी धुसफुसत होत्या, घरचाच दुधी, आणि बाजारात चार आले असते एवढ्यात घेतला. मामा पिशवी छातीशी धरून चालले होते, एवढं खूश मी त्यांना क्वचितच पाहिलं. "दिला तरी घरीच आला की," म्हणाले. ती भाजी आम्ही दोन दिवस खाल्ली.

हे मला का आठवतंय कळत नाही. देवाला दिलेला अर्धा तासही असाच फिरून माझ्याकडे येईल, असं मनाला समजावून पाहिलं. दुधी दिसतो, पिशवीत घालता येतो. अर्ध्या तासाचं तसं नाही.

गेल्या रविवारी मी मामींकडे गेले आणि राहवेना म्हणून विचारलं, मामा प्रार्थनेत काय म्हणायचे?

"मला काय माहीत गं," मामी म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. ओठ हलायचे तेवढं दिसायचं."

मग मी त्यांना ती शेवटची संध्याकाळ सांगितली, पहिल्यांदाच. रागासकट सांगितली. मामी लसूण सोलत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हात धरला होता तुझा? सगळा वेळ?"

"हो."

त्यांनी हातातली पाकळी खाली ठेवली. "प्रार्थनेत हात मांडीवर असायचे त्यांचे. मी शेजारी बसले तरी. माझा हात नाही धरला कधी..." एवढं बोलून त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या. त्यांना बरं वाटलं की लागलं, ते मला ओळखता आलं नाही. माझं मलाही ओळखता आलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी चहा आणला. सवयीने वेताच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवला, वर बशी झाकली, आणि मग काय केलं ते लक्षात येऊन तशाच उभ्या राहिल्या. खुर्ची रिकामी होती. मी जाऊन तिच्यात बसले. डोळे मिटले. देवाशी आधी काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तक्रारच सांगायला लागले. ती बरीच मोठी निघाली. मध्येच लक्षात आलं, माझा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, कोणी धरावा तसा.

बशी उचलली तेव्हा तिच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले होते. चहा गार झाला होता.

आतून मामींनी विचारलं, "गरम करून देऊ का गं?"

मी नको म्हणाले.