दिगूचा वाटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवळात गाऱ्हाणं घालते तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट तेवढी गाळते — देवाला काय कळायचं ते कळू दे, माझ्या तोंडून नको. पण तुम्हाला सांगते. हसाल तुम्ही. हसा — मीही बरेच दिवस हसतच होते.

झालं असं, की लेकीनं मला हिवाळ्यात कॅनडाला बोलावलं. तिकीट आलं आणि आमच्या तोंडवली गावभर बातमी झाली. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की त्याची बॅग त्याची राहत नाही, हे काय सांगायला हवं? पण माझ्या दारात पिशवी आली ती एकट्या शेवंतीची. शेवंती माझी शेजारीण, लहानपणापासूनची. तिचा दिगू तिकडेच एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला, लेकीच्या गावापासून दोन तासांवर.

पिशवीत खारे बांगडे होते. तिनं स्वतः चिरलेले, मीठ भरून छपरावर वाळवलेले. कावळे हाकलायला काठी घेऊन ती उन्हात बसलेली मी रोज बघत होते.

"माज्या दिगूक एवढे पोचय गो," ती म्हणाली. "थंय तेका खंय गावतले?"

तिकडच्या विमानतळावर माझी बॅग उघडली. मी तर रामरक्षा सुरू केली. त्या गोऱ्या अधिकाऱ्यानं पुडकं सोडलं, वास घेतला, नाक मुरडलं — आणि हसून जा म्हणाला. भला माणूस! हे त्याचं हसणं लक्षात ठेवा.

लेकीचं घर छान, ऊबदार. पण बाहेर बघावं तिकडे बर्फ, आणि ताटात रोज पाला नाहीतर पास्ता. लेक-जावई कामावर गेले की मी आणि खिडकी. दिगू बर्फामुळे पहिल्या आठवड्यात येऊ शकला नाही. आणि लेकीनं कुठल्याशा दुकानातून माझ्यासाठी उकडे तांदूळ आणून ठेवले होते — आता सांगा, पेज केल्यावर माणसाला काय आठवणार?

एकच घेतला. विजेच्या शेगडीवर तव्यात भाजायला ठेवला, तर धूर झाला आणि छतावरचं ते यंत्र जे बोंबलायला लागलं! मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालतेय, खिडकी उघडली तर बर्फ आत येतोय, आणि हातातला बांगडा काही मी सोडत नाही. संध्याकाळी लेक पोट धरून हसली. बांगडे माझेच, असं तिला वाटलं. मीही तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी खिडकी आधीच उघडून ठेवली. मग तिसऱ्या दिवशी — कशाला लांबवू? पिशवी संपली. शेवटचा बांगडा तव्यावर टाकला तेव्हा दिगूचा फोन येऊन गेला होता, उद्या येतो म्हणून. म्हणजे मला ठाऊक होतं. तरी भाजला.

तो आला, आईसाठी लोकरीची टोपी घेऊन. लेक-जावई कामावर होते. दारातच थबकला.

"काकी, घरात तोंडवलीचो वास येता."

"बॅगेला राहिलाय रे," मी म्हटलं. "बांगडे विमानतळावर काढून घेतले मेल्यांनी." एका क्षणात सुचलं मला. त्या हसणाऱ्या माणसाच्या माथी मारून मोकळी झाले.

"असांदे," दिगू म्हणाला. जाताना पुन्हा दारात उभा राहून त्यानं मोठा श्वास घेतला. लाज वाटली का? वाटली. खूप वाटली. पण बोलले का?

परत आल्यावर शेवंतीला तेच सांगितलं. वाटलं होतं, हळहळेल. तिनं उलट माझाच हात धरला. "जांवदे गो. माज्यापायी तुजी फजिती झाली."

तेव्हापासून ती दिगूला काही पाठवत नाही. मागे तारकर्लीचा एक मुलगा तिकडे निघाला होता. पिशवी न्यायला तो आपणहून आला, तर शेवंतीनंच त्याला परत पाठवलं — नको रे, तुझ्यासारख्या पोराला चारचौघांत ओरडतील. मी तिथेच ओट्यावर बसून होते. एक वाक्य पुरलं असतं. मी चहा प्याले.

आणि बांगडे? ते ती अजूनही त्याच्या नावानं वाळवते. सवय गेली नाही म्हणते. वाळले की कागदात गुंडाळून माझ्या घरी आणून देते. "दिगूक पोचणां नाय, तू तरी खा. तेचोच वाटो समज."

परवा पुडकं आलं. यंदा ऊन चांगलं होतं, बांगडे कडक वाळलेत. मी पेज ठेवली, दोन भाजले, आणि दोन्ही खाल्ले.