गोठ्यामागच्या लाल खुंट्या

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेताकडेच्या ओढ्यानं काठावरची बाभळ मुळासकट नेली, तेव्हा मी ठरवलं, या ओढ्याचा अभ्यास करायचा. तालुक्याच्या कॉलेजात मी भूगोल शिकवतो. पाणी काठ कसं खातं, हे मला तोंडपाठ आहे.

पद्धत साधी होती. काठापासून दोन हात आत खुंटी ठोकायची, लांबून दिसावी म्हणून लाल रंगवायची, आणि पाऊस झाला की काठ तिच्या किती जवळ आला ते बघायचं. ओढ्याच्या वळणावर शेजारच्या नानांचा गोठा आहे. गोठ्यावर नवे पत्रे टाकावेत की गोठाच मागं घ्यावा, असं त्यांनी मला विचारलंही होतं. म्हणून पहिली खुंटी तिथंच, गोठ्यामागं.

लाल रंग बघितला आणि नाना बदलले. आमच्याकडं लाल खुंटी म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे जमीन जाणार. एरवी मला अरे-तुरे करणारा माणूस एकदम अहो-जाहोवर आला.

"सर, खरं सांगा, रस्ता निघायलाय का हितून?"

मी वळण, प्रवाह, गाळ सगळं समजावलं. जितकं समजावलं तितकं काहीतरी लपवतोय ही त्यांची खात्री वाढत गेली.

पहिल्या मोठ्या पावसानंतर गेलो, तर खुंटी गायब. कुणी नेली हे मला तिथल्या तिथं कळलं. नवी ठोकली, काठापासून दोन हात. पुढच्या पावसात तीही गेली. पुन्हा ठोकली. नानांच्या चुलीवरचा चहा पिताना धुराला रंगाचा वास येतो का, हे मी हुंगून बघायला लागलो. इकडं मोजणी मात्र चोख. कधीही टेप लावा, काठ दोन हातांवरच. काठ जागचा हललेला नाही, असं मी छातीठोक सांगून टाकलं. नानांनी पत्रे आणले, पण भिंतीला टेकवून ठेवले.

तिसरी खुंटी गेली तेव्हा मी तणतणत गेलो आणि सरळ विचारलं, "नाना, माझ्या खुंट्या कावून उपटायलेत तुम्ही?"

नानांनी माझं मनगट धरलं आणि गोठ्यात नेलं. गाईच्या पाठीवर हात ठेवून घेतलेल्या शपथेच्या पुढं आमच्याकडं वाद जात नाही.

"तुमची खुटी म्या उपटली न्हाई," ते म्हणाले. "आता तुमी ठिवा हात. जमीन मोजायलेत का न्हाई, बोला."

हात ठेवायला मी गव्हाणीला वळसा घालून पलीकडं गेलो, आणि पाय घोट्यापर्यंत खाली गेला. गव्हाणीमागं काठाच्या बाजूनं लांबच लांब भेग पडली होती. बाहेर येऊन आम्ही दोघांनी खाली वाकून बघितलं. ओढ्यात काठाचे मोठमोठे तुकडे बसले होते, वरच्या गवतासकट, आणि त्यांत माझ्या लाल खुंट्या ताठ उभ्या. मी आपला दर वेळी नव्या काठापासून दोन हात मोजत, मागं सरकत, गोठ्याच्या भिंतीला येऊन टेकलो होतो.

"म्हंजी चोर वढाच," नाना म्हणाले. "आन तुमी त्याला दर पावसाला नवी खुटी देत होता."

दुपारपर्यंत आम्ही जनावरं सोडून वरच्या लिंबाखाली नेली, पत्रेही वाहिले. गाय बांधायला खुंटी कमी पडली. माझ्याकडं एक उरली होती, ती आणून दिली. नानांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि मला परत दिली.

"सर, आधी रंग खरडा."