एकशे चाळीस हाका

दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती विचार करणारं कुणी असेल का, हा प्रश्न आमच्या घरात माझ्या बायकोने काढला होता. आमचं घर चिकलठाण्यात, विमानतळाच्या भिंतीपासून फार लांब नाही. उन्हाळ्यात जेवणं झाली की आम्ही गच्चीवर चटई टाकायचो. गच्चीवर पाणी मारून ती गार करायची चैन आमच्या भागात नाही, नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तापलेल्या फरशीवर बसून ती उतरणाऱ्या विमानाचे दिवे बघायची आणि मग त्याच्या वर, ताऱ्यांकडे.

"तिकडं पण कुणी असंल का हो?"

ती पिशोरची, तिथल्या शाळेत दहावीपर्यंत शिकलेली. मी कारखान्यात तपासणी विभागात. दिवसभर मापं घेणं आणि नोंदवणं हेच माझं काम. वर्तमानपत्रातली विज्ञानाची पुरवणी मी कापून ठेवत असे. त्यामुळे उत्तर माझ्याकडे तयार होतं. तारे इतके, त्यातल्या दहातल्या एकाला बरा ग्रह असला, अशा हजारात एकावर जीव असला, असं धरत गेलं तरी शेवटी बरीच मोठी संख्या उरते. गृहीतकं सगळी माझीच होती, पण मी ती ठामपणे सांगितली.

"एवढे असतील तर गप का?"

मी तिला समजावलं. शास्त्रज्ञ ताऱ्याकडे कान लावतात. मग तेवढाच वेळ बाजूच्या रिकाम्या आकाशाकडे लावतात. दोन्हीकडे सारखंच ऐकू आलं तर तो आवाज आपलाच, आपल्या मोबाइलचा, आपल्या विमानांचा. ताऱ्याकडेच आला आणि पुन्हा पुन्हा आला, तरच तो खरा धरायचा.

"आणि ते कुणाच्या नावानं हाक मारतात?"

"नाव कसलं? आकडे पाठवतात."

"आकड्यांना कोण ओ देतं हो?" ती म्हणाली आणि हसली. मी म्हणालो, तुला हे कळायचं नाही. हे वाक्य मी उच्चारलं होतं, म्हणून ते इथे लिहिलं पाहिजे.

पुढे एका सकाळी ती ओट्याशी पीठ मळताना पडली. डोक्यात रक्तस्राव. तीन आठवडे कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर, मग गळ्याला छिद्र, मग घरी. समोरच्या खोलीत आता दवाखान्यातला पलंग आहे. नाकातल्या नळीतून दर तीन तासांनी पातळ अन्न जातं. उजवी बाजू लुळी. डोळे उघडे असतात, पण नजर कशावर थांबत नाही. पाचव्या महिन्यात छातीत संसर्ग झाला, पुन्हा नऊ दिवस यंत्र. त्या वेळी नळ्या निघू नयेत म्हणून तिचे हात पलंगाला बांधले होते.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "हे पुन्हा होणार. त्या वेळी यंत्र लावायचं की नाही ते आत्ता शांतपणे ठरवा. परवाचा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी या."

मी विचारलं, "तिला काही कळतं का?"

"खात्रीने सांगता येत नाही. एखादी सूचना पाळते का बघा. नावाने हाक मारा आणि अंगठा हलव म्हणा."

मधे नऊ दिवस होते. मी रजा टाकली आणि दोनशे पानी वही आणली. त्या शनिवारी दुपारपासून रोज सकाळी दहा वेळा, दुपारी दहा वेळा मी तिला नावाने हाक मारून म्हणायचो, "डावा अंगठा हलव," आणि पंधरा सेकंद बघायचो. प्रत्येक हाकेनंतर तेवढेच पंधरा सेकंद काहीही न बोलता बघायचो. ताऱ्याकडे, मग रिकाम्या आकाशाकडे. ही पद्धत मी तिलाच शिकवली होती.

पुण्याहून मुलगी आली होती. ती दारात उभी राहून दोन दिवस हे बघत होती.

"पप्पा, तुम्ही मम्मीला नट-बोल्टसारखं तपासताय."

"मग कसं तपासू, सांग."

"तपासूच नका. तिला पुन्हा त्या यंत्राला बांधायचं नाही, एवढं म्हणा ना. ते म्हणायला तुम्हाला वही का लागते?"

मला वही लागते. माझ्या मनाला विचारलं तर तिने रोज अंगठा हलवलेला असतो.

पुढच्या शनिवारी सकाळपर्यंत एकशे चाळीस हाका झाल्या. हाकेनंतर अंगठा नऊ वेळा हलला होता. हाक न मारता अकरा वेळा. मी बेरीज दोनदा तपासली. याचा अर्थ एकच होता, आणि तो मुलीच्या बाजूचा होता. मी वही मिटून मोरीत गेलो आणि नळाला पाणी नसतानाही तोटी फिरवत उभा राहिलो.

त्याच दुपारी पिशोरहून तिचा थोरला भाऊ आला. पिशवीत मक्याची कणसं होती. ती आता कुणी खायची, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने पिशवी पलंगाखाली सरकवली. मी काय चालवलंय ते त्याला दाखवावं म्हणून एकदा हाक मारून दाखवली. त्याने मला थांबवलं.

"दाजी, हे कुणाला हाक मारू राहिले तुम्ही?"

"तिलाच."

"हे तं तुमच्या आईनं ठेवलेलं नाव. आमच्यात या नावानं तिला कोण वळखतं? लग्न झाल्यावर पहिल्यांदा घरी आली तं रडत होती. म्हने, दादा, तिकडं कुणी हाक मारली की मीच मागं वळून बघते, कोन आलं म्हनून."

मला हे माहीत नव्हतं. एकतीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आमच्यात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून मीच अंगठीने ते नवं नाव लिहिलं होतं, आईने सांगितलेलं. त्यानंतर मी ते कधी तोंडाने घेतलंच नाही. मी म्हणायचो, "ऐकलं का." मुलगी मम्मी म्हणे, दीर वहिनी म्हणत. ते नाव राहिलं रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकात आणि शेवटी दवाखान्याच्या मनगटपट्टीवर. पट्टीवरचं नाव वाचून परिचारिका हाक मारत, तशीच मीही मारत होतो. एकशे चाळीस वेळा मी कागदावरच्या बाईला बोलावत होतो.

दादा पलंगाच्या कडेला बसला. तिचा डावा हात त्याने आपल्या तळहातावर घेतला, तिच्या कानाशी वाकला आणि तिचं माहेरचं नाव घेतलं. शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला मारतात तशी, शेवट लांबवलेली हाक.

"ऊठ गं. म्हैस सुटली. आबाच्या उसात शिरली तं बोलणी मीच खानार का?"

तिचा अंगठा त्याच्या तळहातावर टेकला. झटका असेल तर अंगठा लगेच मागे जातो. हा तिथेच राहिला. किती वेळ, ते मी सांगू शकत नाही. मी घड्याळ बघितलं नव्हतं आणि वही मिटलेली होती. म्हणून ती नोंद मी धरली नाही.

"बघा, ऐकती ना," दादा म्हणाला. त्याला यात काही विशेष वाटलं नव्हतं.

मी नवं पान आखलं. शनिवारी दहा आणि रविवारी सकाळी दहा हाका दादाने मारल्या, मधे तेवढाच वेळ गप्प. तो वैतागला. "दाजी, दहा दहा वेळा हाक मारल्यावर मी असतो तं मीबी उठलो नसतो." हाकेनंतर तीन वेळा अंगठा हलला, गप्प असताना एकदा. दादा दुपारच्या गाडीने गेला. मग मी स्वतः तेच नाव घेऊन वीस हाका मारल्या. माझ्या तोंडून ते नाव लग्नपत्रिका वाचून दाखवल्यासारखं येत होतं. एकदा हलला. गप्प असतानाही एकदा.

तीन आणि एक. इतक्या फरकावर मी कंपनीत एक वॉशरसुद्धा पास केला नसता.

सोमवारी डॉक्टरांनी वही उलटून बघितली आणि परत दिली. मग म्हणाले, "काय ठरलं?"

मी म्हणालो, "यंत्र लावायचं." आणि सही केली.

परत येताना रिक्षात जालना रोडवर सिग्नल लागला. मुलगी बाहेर बघत म्हणाली, "तीनवर, पप्पा?"

"तीनवर."

"ती आत नसेल तर तुम्ही एका रिकाम्या शरीराला बांधून ठेवताय. आणि असेल तर?"  रिक्षा सुरू झाल्यावर ती म्हणाली, "असेल तर तिला विचारलंत का, तिला हे हवंय का?"

 मुलगी रात्रीच्या बसने पुण्याला गेली. रोज फोन करते, पण हा विषय काढत नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. संसर्ग अजून आलेला नाही; छाती घुरघुरली की मी ताप बघतो. कामावरून आलो की तिच्याजवळ बसून तिच्या खऱ्या नावाने दहा हाका मारतो. विमान उतरताना काचा थरथरतात, तेवढी निरीक्षणं मी गाळतो. पूर्वी मला भीती होती ती आत कुणीच नसण्याची. आता मला ती आत असण्याची भीती वाटते. सगळं ऐकत, नाकात नळी घेऊन, आपल्या जन्माच्या नावाची हाक परक्यासारख्या आवाजात ऐकत, मी केलेल्या सहीच्या भरवशावर पडलेली.

वहीत मी एक नवा रकाना आखला आहे. वर प्रश्न लिहिला आहे : पुरे झालं असेल तर अंगठा हलव. खाली दहा रेघा मारल्या आहेत, तारखेची जागा सोडली आहे. अंगठा हलला नाही तर त्याचा अर्थ काय लावायचा ते मला माहीत नाही. हलला तर काय करायचं ते माहीत आहे. रोज मी ते पान उघडतो, तिचं नाव घेतो, आणि दुसरंच काहीतरी विचारतो.

त्या रकान्यात अजून एकही निरीक्षण नाही.