आजींच्या पाण्यात चुन्ह्वा

बू चुन्ह्वाच्या घरी तीन रांजण होते आणि तिन्हींवर तिचा जीव होता. पहिला खाण्याचा. त्यात तोत नावाचं, खडकाला धरून वाढणारं शेवाळ ती उकळत्या पाण्यातून काढून घालायची आणि खारवलेल्या माशाचं पाणी, लसूण, तिखट आणि जवाची पेज ओतून आंबवायची. दुसऱ्यात तांदळाच्या धुवणात शेवाळाचे तुकडे मुरत असायचे. त्याचं बुळबुळीत पाणी ती खाऱ्या वाऱ्याने फाटलेल्या गालांना चोळायची. तिसरा रांजण परसाच्या पार टोकाला होता, कारण त्याचा वास कुणाला सोसत नसे. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ त्यात कुजायचं आणि लसणाच्या वाफ्यांना मिळायचं. हाताने कापलेलं माणसांचं आणि लाटेने टाकलेलं शेताचं, हे जेजू बेटावर लहान पोरालाही सांगावं लागत नाही.

त्या वसंतात चुन्ह्वाने नेमकं हेच उलटं केलं, आणि केलं ते रागाच्या भरात.

समुद्रात बुडी मारून शिंपले-शेवाळ काढणाऱ्या पाणबुड्या बायांच्या शेकोटीभोवती बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. धूर न येणारी, वाऱ्याकडे पाठ असलेली जागा सगळ्यात खोल बुडणाऱ्यांची. चुन्ह्वा केस काळे होते तेव्हापासून तिथे बसत आली होती. एके दिवशी पुढारीण कांग जोंगसुक तिच्यासमोर येऊन उकिडवी बसली.

“सामचुन, राग मानू नका.” बाई असो की बाप्या, वयाने मोठ्या माणसाला इथे सगळे सामचुनच म्हणतात.

“राग येण्यासारखंच बोलणार असशील तर हे कशाला सांगतेस?”

“परवा तुम्ही वर आलात ते तुम्हाला आठवत नाही. ओठ निळे पडले होते. आम्ही ओढलं म्हणून आलात. सगळ्यांनी मिळून ठरवलंय, यापुढे तुम्ही आजींच्या पाण्यात उतरायचं.”

आजींचं पाणी म्हणजे गावाने म्हाताऱ्यांसाठी राखलेला उथळ भाग. तिथे तरुण बाईने हात घालायचा नाही. चुन्ह्वाने हा नियम स्वतः पाळला होता, आणि तो मोडणाऱ्या गावातल्या एका तरुण सुनेला भर बाजारात शिव्याही घातल्या होत्या. पण त्या पाण्यात गेलेली बाई खोल समुद्रात कधी परतत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

“तुला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं तेव्हा तू माझा दंड सोडत नव्हतीस. नखं रुतली होती मला. आणि आता तू मला डबक्यात पाठवतेस?”

“डबकं कसं? तुमची सासू तिथेच जायची.”

“माझी सासू वेडी होती.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. जोंगसुक हसली नाही. “तुम्ही खाली राहिलात तर तुम्हाला वर आणायचं काम माझ्यावर येईल. माझ्या आईला मीच आणलं होतं. दुसऱ्यांदा मी ते करणार नाही.”

चुन्ह्वा ताडकन उठली आणि घरी निघाली. जोंगसुकचं खरं होतं, म्हणून तिला जास्तच राग आला.

तोत कापायचा पहिला दिवस उजाडला. लांबच्या खडकांवर पोहून जाणाऱ्या बाया गेल्या, आजींच्या पाण्यातल्या आतल्या खडकांवर म्हाताऱ्या उतरल्या. चुन्ह्वा दार लावून भांडी आपटत बसली. पण दरवर्षी तिच्या रांजणातला तोत शेकोटीपाशी वाटला जायचा. यंदा रांजण रिकामा राहिला तर बाया म्हणणार, म्हातारी संपली. संध्याकाळी ती किनाऱ्यावर गेली आणि लाटेने टाकलेल्या ढिगातून त्यातल्या त्यात ताजे दिसणारे झुबके उचलून आणले.

मीठ, पेज, लसूण सगळं मापात घातलं. उपयोग झाला नाही. मीठ आत शिरायच्या आधीच कूज शिरली होती. चार दिवसांनी झाकण काढल्यावर आंबूस वास यायला हवा होता, आला तो सडक्या जाळ्यांचा. तिने चाखून पाहिलं. जिभेला कळलं, पण तिने जिभेचं ऐकलं नाही. वाडगा भरून ती शेकोटीपाशी गेली.

गावातली सगळ्यात म्हातारी पाणबुडी यांग मालसुन हिने वाडगा नाकाशी नेला. “हे लसणाला घालायचं ना? इकडे कुठे आणलंस?”

“गुमान खा.”

“वाहून आलेलं आहे हे.”

“नाही.”

“अगं, देठं बघ. विळ्याने कापलेलं असं फाटतं का?”

सगळ्यांचे हात थांबले. जोंगसुकने मात्र एक घास तोंडात टाकला आणि ती सावकाश चावू लागली. “जरा खारट झालंय, सामचुन,” ती म्हणाली.

ही दया चुन्ह्वाला झोंबली. तिने वाडगा हिसकावला. “थुंक ते. पोट बिघडलं तर उद्या पाण्यात पेटका येईल. मरायचंय का तुला?”

“तुम्हाला काय त्याचं? माझं पोट, माझा जीव.”

“जीभ आवर. मी सांगते म्हणून थुंक.”

“आता कसं वाटतं?” जोंगसुकचा आवाज चढला होता. “मला तुमच्याबद्दल महिनाभर असंच वाटतंय.”

चुन्ह्वा वाडगा घेऊन घरी आली. खाण्याचा रांजण तिने परसातल्या रांजणात उपडा केला, घासघासून धुतला, उन्हात ठेवला. आतल्या खडकांवर कापणी अजून चालू होती. ओहोटी लागल्यावर ती विळा घेऊन निघाली. वाटेत जोंगसुकला, तिच्या आईला, समुद्राला, सगळ्यांना शिव्या देत होती.

पाण्यात उतरून तिने पहिल्याच खडकाला हात घातला.

“तिथे नको,” मालसुनचा आवाज आला. “तो माझा खडक आहे.”

“तुझं नाव कोरलंय का त्यावर?”

“इथे मी जुनी आहे. तू आज आलीस. नव्या बायांनी टोकाला जायचं.”

बाकीच्या म्हाताऱ्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यातली एकही तिची बाजू घेईना. चुन्ह्वा टोकाला गेली. तिथे पाणी छातीपर्यंत होतं, लाटा अंगावर येत होत्या आणि तोत दाट होता.

“आणि मुळं ठेव गं,” मालसुन मागून ओरडली.

“मला शिकवू नकोस,” चुन्ह्वा ओरडली आणि मुळं राखून विळा चालवला.